छापखान्यातली ओल आणि सात इंजिनिअर : कॅरियर कंपनी कशी उभी राहिली

हे प्रकरण का निवडलं

नव्याने कामाला लागलेल्या मुलांना आर्द्रता समजावून सांगायची असली की मी त्यांना भर श्रावणात एखाद्या छापखान्यात घेऊन जातो आणि उघड्यावर राहिलेल्या कागदाच्या थप्पीवरून हात फिरवायला सांगतो. थप्पी मधोमध सपाट असते, पण कडा लाटांसारख्या वरखाली झालेल्या असतात. कडांनी ओल धरलेली असते, ती आतपर्यंत पोचलेली नसते. शेजारी मशीनवरचा माणूस भिंग लावून कागदाच्या कोपऱ्यातली, रंग जुळलेत का ते दाखवणारी रजिस्टरची फुली पाहत असतो. निळ्यावर लाल नीट बसलेला असतो, पिवळा मात्र केसभर सरकलेला. "जरा उघडीप मिळू द्या साहेब," असं तो म्हणतो, आणि मुलांना विषय कळतो.

१९०२ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याला उघडीप मिळायची वाट पाहणं परवडत नव्हतं. त्याची अडचण सोडवताना जे काम सुरू झालं, त्यातून तेरा वर्षांनी एक कंपनी जन्माला आली. आज लोक कॅरियरला एसीची कंपनी म्हणून ओळखतात. पण सुरुवातीची कितीतरी वर्षं त्या माणसांनी विकली ती आर्द्रता : कुठे घटवून, कुठे वाढवून, पण ठरलेल्या टक्क्यावर धरून ठेवलेली. त्यांचे चांगले निर्णय त्या टक्क्याची हमी देण्याच्या हट्टातून आले असं माझं मत आहे, म्हणून हे प्रकरण मी त्या अंगाने मांडतो आहे.

पार्श्वभूमी

विलिस हॅविलँड कॅरियरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, न्यू यॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळच्या शेतकरी घरातला. लहानपणी अपूर्णांक डोक्यात शिरेनात, तेव्हा आईने त्याला सफरचंदं आणायला लावली आणि अर्धी, पाव, अष्टमांश अशी कापून घेत गणित शिकवलं. ही आई घरातली घड्याळं आणि शिवणयंत्रंही स्वतः दुरुस्त करायची. तो अकरा वर्षांचा असताना ती गेली. प्रश्नाचे तुकडे करून एकेक तुकडा हातात धरून पाहायची सवय त्याला तिच्याकडून लागली असावी असं मला नेहमी वाटतं.

१९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर होऊन तो बफेलो फोर्ज कंपनीत लागला. पगार आठवड्याला १० डॉलर. कंपनी पंखे, भट्ट्यांचे भाते, हवा तापवायची यंत्रं बनवायची. त्या काळात अशा यंत्रांची मापं अंदाजाने ठरत आणि चूक होऊ नये म्हणून वर भरपूर राखीव धरली जाई. कॅरियरला ते खटकलं. नळ्यांवरून वाहणारी हवा नेमकी किती उष्णता घेते, याची त्याने मोजमापं घेतली आणि तक्ते बनवले. पुढे जे घडलं त्याची पूर्वतयारी या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामात झाली.

अडचण

ब्रुकलिनमधला सॅकेट-विल्हेल्म्स हा शिळाछापाचा मोठा छापखाना होता. तिथे रंगीत मासिकं छापली जात. एकेक रंग वेगळा चढवायचा, म्हणजे तोच कागद पुन्हा पुन्हा मशीनमधून जायचा. दोन रंगांच्या मध्ये हवा बदलली की कागद फुगायचा किंवा आक्रसायचा. मापात फरक अगदी थोडा पडायचा, पण चित्रातल्या चेहऱ्याला दोन ओठ दिसायला तेवढा पुरतो. शाई वेळेत वाळत नसे, कागद वाया जाई, आणि मासिकाची तारीख तर ठरलेली.

छापखान्याच्या वतीने एक सल्लागार इंजिनिअर बफेलो फोर्जच्या न्यू यॉर्क कार्यालयात आला. त्या कार्यालयाचं काम अर्व्हाइन लाइल पाहायचा. लाइल विक्रीतला माणूस होता, पण इंजिनिअरिंग जाणणारा. त्याने हा प्रश्न बफेलोला, पंचवीस वर्षांच्या कॅरियरकडे पाठवला. मागणी नेमकी होती : बारा महिने सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढं पाणी मावतं त्याच्या ५५ टक्के. उन्हाळ्यात तापमान ८० अंश फॅरनहाइट चालेल, म्हणजे आपले सुमारे २७ सेल्सिअस. हिवाळ्यात ७०, म्हणजे २१.

हवा गरम करायला तोवर सगळ्यांना येत होतं. बर्फावरून वारा सोडून गारवा करण्याचे प्रयोगही झाले होते. पण हवेत पाणी किती असावं हे आकड्यात ठरवून ते वर्षभर टिकवायचं, ही मागणी नवी होती.

पहिला निर्णय : मीठ की थंड नळी

दोन वाटा होत्या. एक रसायनाची. कॅल्शियम क्लोराइड हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून त्याच्या द्रावणात भिजलेलं कापड फिरवत ठेवून त्यातून हवा सोडायची. कॅरियरने ते करून पाहिलं. हवा कोरडी झाली, पण तिच्यात खारटपणा उतरला. लोखंडी यंत्रं आणि कागद असलेल्या खोलीत अशी हवा सोडणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

दुसरी वाट थंड नळ्यांची. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब सुटतात, तसं हवेतलं पाणी नळीवर उतरवायचं. अवघड भाग हा की नळी किती गार ठेवायची. अमेरिकी हवामान खात्याचे तक्ते समोर घेऊन त्याने उलटा हिशेब मांडला : खोलीत एवढे टक्के पाहिजेत, तर हवेत पाणी एवढं पाहिजे; हवेत पाणी एवढं पाहिजे, तर नळीचं तापमान एवढं.

१७ जुलै १९०२ ही तारीख त्या आराखड्यांवर आहे. नळ्यांच्या एका भागात विहिरीचं गार पाणी खेळवायचं, दुसरा भाग अमोनियाच्या शीतयंत्राला जोडायचा. दोन्ही मिळून जी थंडी मिळे, ती दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळवण्याइतकी होती. हिवाळ्यात मात्र उलटा प्रकार : तापवलेली हवा फार कोरडी पडते, म्हणून छिद्रं पाडलेल्या नळ्यांतून वाफ सोडून ओल घालायची.

इथे थांबून एक गोष्ट नोंदवाविशी वाटते. छापखान्याने 'गार करून द्या' म्हटलं नव्हतं, आणि कॅरियरनेही प्रश्न तसा वाचला नाही. गारवा हे साधन होतं. आमच्या वातानुकूलनाच्या धंद्यात आजही अर्धी कामं बिघडतात ती इथे. गिऱ्हाईक ओलीबद्दल बोलत असतं आणि आपण टनेज, म्हणजे गारव्याचं माप, काढत बसतो.

दुसरा निर्णय : हवा कोरडी करण्यासाठी पाणी फवारणं

नळ्यांच्या पद्धतीत एक दुखणं होतं. नळीवरून जाणारी सगळी हवा सारखी थंड होत नाही. काही नळीला चिकटून जाते, काही मधून निसटते. त्यामुळे शेवटी हवेत पाणी किती उरलं हे सांगताना थोडी अनिश्चितता राहायचीच.

१९०२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर तो गाडीची वाट पाहत होता. सगळीकडे धुकं. येरझारा घालताना त्याला जे दिसलं ते असं : ही हवा पाण्याने पूर्ण भरलेली आहे, शंभर टक्के. तरी तिच्यात प्रत्यक्ष पाणी थोडंच आहे, कारण ती थंड आहे. म्हणजे धुकं मला माझ्या हव्या त्या तापमानाला करता आलं, तर हवेतलं पाणी माझ्या हातात आलं. आणि धुकं करायचं तर हवा पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून न्यायची.

पाणी फवारून हवा कोरडी करायची, हे ऐकायला विचित्रच. पण एक उदाहरण घ्या. फवाऱ्याचं पाणी १५ अंश सेल्सिअसवर ठेवलं आणि हवा त्यातून पूर्ण भिजवून बाहेर काढली, तर तिच्यात १५ अंशांना मावतं तेवढंच पाणी राहतं. जास्तीचं फवाऱ्यात उतरतं. तीच हवा खोलीत २५ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता साधारण ५४ टक्के भरते. हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी थेंब होऊन उतरू लागतं ते तापमान, हातात ठेवा, बाकीचं आपोआप जुळतं. शिवाय फवाऱ्यात धूळ धुतली जाते ती वेगळीच. १९०४ साली विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावच्या बँकेने हे यंत्र घेतलं ते हवा धुण्यासाठीच.

पेटंटचा अर्ज १९०४ मध्ये झाला आणि २ जानेवारी १९०६ ला पेटंट मिळालं, क्रमांक ८,०८,८९७.

तिसरा निर्णय : विकायचं कोणाला, आणि काय म्हणून

१९०६ नंतर गिऱ्हाईक सापडलं ते सूतगिरण्यांत. कापूस कोरडा पडला की धागा तुटतो, तंतू उडतात, स्थिर विजेने सूत एकमेकांना चिकटतं. गिरणगावात ज्यांच्या घरचं कोणी साचेखात्यात होतं त्यांना हे सांगायला नको : खिडक्या बंद, हवा दमट, अंगाला घामाने चिकटलेला सदरा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गिरण्यांची गरज तीच होती. त्याच धंद्यातल्या स्टुअर्ट क्रेमर या इंजिनिअरने मे १९०६ मध्ये 'एअर कंडिशनिंग' हा शब्द पहिल्यांदा वापरला. सुताला ओल देऊन मुरवण्याला गिरण्यांत कंडिशनिंग म्हणत, त्यावरून. शब्द स्पर्धकाचा होता, पण कॅरियरच्या माणसांनी तो मनमोकळेपणाने घेतला आणि आपल्या नावापुढे लावला.

गिरणीत एक नवीन धडा मिळाला. सूत कातणाऱ्या चात्या फिरतात, उष्णता सोडतात, खोली तापते, आणि खोली तापली की तेवढ्याच पाण्यावर टक्केवारी घसरते. यावर कॅरियरला जो नियम सापडला तो मला या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर वाटतो. खोलीचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर कायम ठेवलं, तर सापेक्ष आर्द्रता जवळजवळ कायम राहते. १५ आणि २५ ला ५४ टक्के. २० आणि ३० ला ५५. तापमान पाच अंशांनी सरकलं तरी टक्का जेमतेम एकाने हलला. दोन तापमापकांमधलं अंतर राखणारा साधा नियंत्रक बसवला की गिरणी स्वतःला सांभाळते. ही १९०७ ची गोष्ट. त्याच वर्षी जपानमध्ये योकोहामाच्या फुजी रेशीम गिरणीला यंत्र गेलं, ही परदेशातली पहिली विक्री.

या नियमामुळे लाइलला करारात आर्द्रतेच्या टक्क्याची हमी लिहून देता येऊ लागली. नुसतं यंत्र विकणारा पंखा देतो आणि निघून जातो. हमी देणाऱ्याला इमारत, खिडक्या, यंत्रांची उष्णता, माणसांची संख्या, सगळं मोजावं लागतं. या कामासाठी बफेलो फोर्जने कॅरियरच्या नावाची उपकंपनी काढली. डिसेंबर १९११ मध्ये कॅरियरने अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे हवेतल्या ओलीची सूत्रं मांडली आणि सोबत आलेख दिला. हवेचं तापमान आणि ओल यांचं नातं दाखवणारा तो सायक्रोमेट्रिक चार्ट आजही आमच्या टेबलावर असतो. धंद्याचं गुपित म्हणून ही सूत्रं कपाटात ठेवता आली असती. त्याने ती सगळ्यांपुढे ठेवली, आणि त्यामुळे अख्ख्या व्यवसायाची भाषा त्याच्या हातची झाली.

चौथा निर्णय : १९१४, दार बंद होतं तेव्हा

१९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं. पुढे काय होईल याचा भरवसा नव्हता. बफेलो फोर्जच्या व्यवस्थापनाने ठरवलं की आपण यंत्रं बनवण्यापुरतंच राहायचं, इंजिनिअरिंगचा पसारा आवरायचा.

त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. पंखा बनवला, विकला, पैसे आले, हा सरळ धंदा. हमीच्या कामात पैसे उशिरा येतात आणि टक्का चुकला तर अंगाशी येतं. युद्धाच्या सावटात असा निर्णय अनेक कारखानदारांनी घेतला असता.

कॅरियर आणि लाइलपुढे तीन वाटा दिसतात. असेल तिथे चिकटून राहायचं आणि पंखे काढायचे. दुसऱ्या कोणाकडे नोकरी धरायची. १९११ च्या निबंधानंतर कॅरियरला ती कुठेही मिळाली असती. किंवा आपली घडलेली माणसं फुटू न देता स्वतःचं काही उभं करायचं. तिसऱ्या वाटेला पैसे लागत होते, आणि ते नव्हते.

त्यांनी तिसरी धरली. कॅरियर, लाइल आणि आणखी पाच इंजिनिअर अशा सात जणांनी साठवलेली पुंजी एकत्र केली : ३२,६०० डॉलर. २६ जून १९१५ ला कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन नोंदली गेली. कॅरियर अध्यक्ष, वय ३८. धंद्याची बाजू लाइलकडे.

या भांडवलात कारखाना निघत नाही, आणि त्यांनी तो काढायचा प्रयत्नही केला नाही. यंत्रं इतरांकडून विकत घ्यायची. आपलं काम म्हणजे मोजणी, आराखडा, बसवणं आणि हमी. हाच या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. जुन्या कंपनीने जो भाग बोजा म्हणून टाकला, नेमका तोच भाग या सात जणांनी पोटापाण्यासाठी उचलला. ज्या युद्धाच्या भीतीने दार बंद झालं, त्याच युद्धाने कामंही आणली. दारूगोळ्याच्या फ्यूज भरताना दारू सर्दून चालत नाही, तिथे कोरडी हवा लागते. वर्ष संपेपर्यंत हाती ४० करार होते.

पाचवा निर्णय : आर्द्रतेकडून माणसांकडे

१९२० च्या सुमारास त्यांनी न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये स्वतःचा कारखाना घेतला, कारण आता बाजारात मिळणारं शीतयंत्रच आड येत होतं. अमोनिया विषारी, यंत्रं धुडासारखी मोठी आणि धडधडणारी. माणसांनी भरलेल्या सभागृहाशेजारी ती ठेवणं धोक्याचं. कॅरियरने दट्ट्याऐवजी वेगाने फिरणाऱ्या चाकाने वायू दाबणारं शीतयंत्र बनवलं आणि अमोनियाच्या जागी डायक्लोरोएथिलीन वापरलं. मे १९२२ मध्ये ते लोकांना दाखवलं.

चित्रपटगृहांत तोवर गार हवा खुर्च्यांखालून सोडत. पाय गारठायचे, लोक पायांना वर्तमानपत्रं गुंडाळून बसायचे, आणि हवा गार असूनही चिकट लागायची. सात जणांपैकी लोगन लुइसने हवा वरून आणली, आणि खोलीतली काही हवा शीतयंत्राला वळसा घालून परत मिसळली, म्हणजे ओल कमी होते पण गारठा वाढत नाही. छापखान्यातलीच अक्कल प्रेक्षागृहात आली म्हणायची.

मे १९२५ च्या अखेरीस न्यू यॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात हे सुरू झालं. यंत्र चालू व्हायला उशीर झाला होता. गर्दी आत आली ती हातातले पंखे हलवत. कॅरियर मागे उभा राहून पाहत होता. आधी थोडे पंखे थांबले, मग आणखी थोडे, मग सगळे मांडीवर उतरले. आपला आकडा बरोबर आला हे त्या संध्याकाळी कोणत्याही मापकाशिवाय दिसत होतं.

काय निष्पन्न झालं

पुढचं थोडक्यात सांगतो. १९३० मध्ये दोन कंपन्यांशी विलीन होऊन कॅरियर कॉर्पोरेशन झाली, १९३७ मध्ये सिराक्यूजला गेली. कॅरियर ७ ऑक्टोबर १९५० ला वारला. १९७९ मध्ये युनायटेड टेक्नॉलॉजीजने कंपनी घेतली आणि २०२० मध्ये ती पुन्हा वेगळी झाली.

वेगळं काय करता आलं असतं

बफेलो फोर्जबद्दल माझं म्हणणं असं की इंजिनिअरिंगचा विभाग बंद करण्याआधी त्यात भागीदारी देऊ करायला हवी होती. जोखीम सात जणांनी उचलली असती आणि पंखे बफेलोचेच खपत राहिले असते.

कॅरियरच्या बाजूची एक उणीव मला जास्त बोचते. गिरण्यांत आर्द्रता धरली ती सुतासाठी. तिथे दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला किती ओल सोसते, हा प्रश्न विकणाऱ्याने विचारला नाही, घेणाऱ्यानेही नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विणकरांनी वाफेच्या खात्यांविरुद्ध आवाज उठवल्यावर १८८९ मध्येच कायद्याने आर्द्रतेवर मर्यादा आली होती. म्हणजे प्रश्न माहीत नव्हता असं नाही. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम १५ याच विषयावर होतं. कृत्रिमरीत्या ओल देण्याचे नियम राज्य सरकार करू शकतं आणि त्यासाठी वापरायचं पाणी पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचं किंवा नीट शुद्ध केलेलं असावं, असं ते सांगत होतं. ज्या माणसाने टक्क्याची हमी शोधून काढली, त्याने तीच हमी कामगाराच्या अंगाच्या बाजूनेही लिहून द्यायला हवी होती. १९०७ मध्ये ते जमण्यासारखं होतं. मोजायची साधनं त्याच्याच हातात होती.

आणि राहिलं मीठ. १९०२ साली ते सोडणं त्या छापखान्यापुरतं बरोबरच होतं. ५५ टक्क्यांना थंड नळी पुरते. पण २५-३० टक्के मागितले की नळी गोठायला लागते, तिथे ती वाट संपते. स्वीडनमध्ये कार्ल मुंटर्स या शोधकाने १९५५ मध्ये कंपनी काढली, आणि ओल शोषणाऱ्या क्षारांनी माखलेलं, मधमाशीच्या पोळ्यासारखं, सावकाश फिरणारं चाक हा तिचा मुख्य माल झाला. चाकाच्या एका भागात हवा कोरडी होते, दुसऱ्या भागात गरम हवेने चाक सुकतं, आणि क्षार जागच्या जागी राहतो. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या बनवणाऱ्या आपल्याकडच्या औषध कारखान्यांत आज अशीच चाकं फिरतात. बाहेर आषाढाची झड लागलेली असते, आत गोळी दाबणाऱ्या यंत्राशेजारच्या मापकावर २५ टक्के दिसत असतात, आणि खोलीतून बाहेर पडलं की चष्म्यावर लगेच वाफ धरते.